तुमचा मुलगा वाटत नाही

बालवर्ग सुटताना शाळेच्या फाटकावर जे काही चालतं, त्याला शाळेच्या भाषेत 'पालक-शिक्षक संवाद' म्हणतात. एका काखेत रडणारं मूल, दुसऱ्या हातात कुणाची तरी एकच चप्पल, अशा थाटात बाई हा संवाद साधत असतात. त्या दुपारी मापसाहेब मुलाला न्यायला फाटकाशी उभे होते. एरवी हे काम त्यांच्या बायकोचं. पण ती ज्या औषधांच्या दुकानात कामाला होती तिथे त्या दिवशी माल मोजायचा होता, म्हणून साहेबांवर पाळी आली, आणि पुढचं सगळं महाभारत घडलं.

बाईंनी त्यांना गर्दीतून बरोबर हेरलं. "अहो, टिल्लूचे बाबा! बरं झालं भेटलात! खडू म्हणू नका, खाऊ म्हणू नका, ठोकळे म्हणू नका..."

इथे घंटा झाली. शाळेच्या शिपाईमावशींचा घंटेवर फार जीव. एकदा हातोडा हातात आला की दोन्ही कान बधिर झाल्याशिवाय त्या तो खाली ठेवत नसत. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. घंटा थांबली तेव्हा साहेबांच्या हाती वाक्याचं फक्त शेपूट लागलं.

"...तेव्हा खरं सांगू का? तुमचा मुलगा वाटत नाही."

एवढं बोलून बाई चपलेचा मालक शोधायला पळाल्या.

आता बाईंची बाजूही ऐकून घ्यायला हवी. दिवसभर चार-चार वर्षांच्या पोरांशी बोलून त्यांची वाक्यं आखडली होती. बसा. उठा. पुसा. वाटा. सगळा वर्ग क्रियापदावर चालायचा. नाक पुसा म्हणायला लागलं तर 'नाक' म्हणेपर्यंत ते बाहीला पुसलेलं असतं. तेव्हा मुलगा काय वाटत नाही आणि कुणाला वाटत नाही, हे सांगण्याइतकी उसंत त्या बिचारीला होती कुठे?

आणि मापसाहेबांना तरी असं वाक्य कुठे झेपायला? साहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांची वजनं आणि तराजू तपासायचे, खरं असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटं असेल ते जप्त करायचं, यातच त्यांची उमर गेली. त्यावरूनच त्यांना इमारतीत मापसाहेब म्हणत. खरं आणि खोटं एका नजरेत ओळखणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता. निदान त्यांचा स्वतःचा तसा समज होता. आणि अशा माणसाला एक पोरसवदा बाई भर फाटकात सांगते, तुमचा मुलगा वाटत नाही! म्हणजे? वाटत नाही तर मग आहे कुणाचा?

रस्ताभर ते टिल्लूला बाजूनं, समोरून आणि जरा मागे राहून पाठीमागून न्याहाळत होते. टिल्लूचं नाक बसकं, यांचं धारदार. टिल्लूचे कान डोक्याला चिकटलेले, यांचे दोन्ही कान जगाचं ऐकायला बाहेर आलेले. आजवर त्यांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"काय रे, आज शाळेत काय केलंस?"

"काही नाही."

"बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही."

खिशात मात्र खडूच खडू होते. साहेबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष कानांवर होतं.

घरी हे बोलायची सोय नव्हती. विचार करा, दिवसभर औषधाच्या पेट्या उचलून आलेल्या बायकोला 'अगं, बाई म्हणतात आपला मुलगा माझा वाटत नाही' असं सांगायचं, आणि वर जेवायला वाढ म्हणायचं? त्यापेक्षा जिन्यावर बोललेलं बरं, असा विचार करून ते जिन्यावर बोलले. तिथेच चुकलं. इमारतीत जिन्यावर बोललेली गोष्ट आणि गच्चीवर वाळत घातलेला कपडा, दोन्ही सगळ्यांना दिसतात.

पहिले भेटले तळमजल्यावरचे वकील. ते शिडीसाठी आले होते. म्हणजे ते नेहमी शिडीसाठीच यायचे. त्यांच्या दारासमोरचा दिवा कधीचा गेला होता आणि अख्ख्या इमारतीत शिडी एकच, ती मापसाहेबांची. साहेबांच्या घराबाहेर ती साखळकुलुपात उभी असे आणि तिच्यावर तेलरंगानं 'खाजगी' असं लिहिलेलं होतं. आता साहेब काही वाईट माणूस नव्हते, पण वस्तू ज्याची त्याच्याकडेच असावी हे त्यांचं तत्त्व होतं. वर्तमानपत्र ते शेजाऱ्याला द्यायचे, फक्त मधलं पान काढून घेऊन. कचेरीतलं त्यांचं पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं होतं. बिस्किटाचे दोन तुकडे केले की दोन्ही डोळ्यांसमोर धरून मोठा कुठला ते बघायचे आणि 'मोठ्या माणसाला मोठा' म्हणून तोंडात टाकायचे. साहेबांच्या मते याला कंजूषपणा म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.

"शिडी आज मिळणार नाही," साहेब सवयीनं म्हणाले. "पण तुमचा एक सल्ला हवाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

कित्येक वर्षांत वकिलांचा सल्ला कुणी मागितला नव्हता. ते तिथेच पायरीवर बैठक मारून बसले. "मुद्दा गंभीर आहे. बाई वाटत नाही म्हणाल्या, की नाही म्हणाल्या? फरक आहे. वाटणं हे मत झालं, पुरावा नव्हे."

"वाटत नाही, एवढंच म्हणाल्या."

"हं." वकिलांनी साहेबांचे कान पाहिले, मग दारातून डोकावणाऱ्या टिल्लूचे पाहिले. "कानांच्या बाबतीत मात्र बाईंचा मुद्दा खोडता येणार नाही. वाटत नाही खरा."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सिस्टर खाली आल्या. दवाखान्यातून निवृत्त होऊनही त्यांची ड्यूटी संपली नव्हती. ती आता इमारतीत चालायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टिल्लूची जीभ बघितली आणि आवाज बारीक करून विचारलं, "बाळंतपणाच्या वेळी खोलीत पाळणे किती होते?"

साहेब आठवून आठवून बोटांवर पाळणे मोजायला लागले. पाळण्यांकडे कोण बघतं अशा वेळी!

त्या संध्याकाळी ते टिल्लूला जेवताना बघत बसले. पोरगं भात चिवडत होतं आणि ताटाभोवती हाताचं कुंपण घालून बसलं होतं, जसं काही कुणी हिसकावून घेणार आहे. खात्यानं आपलं वजन खोटं ठरवलं तर दुकानदाराला काय वाटत असेल, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. हा पोरगा आपला नाही म्हटलं, तर आपलं असं उरतं काय? एक शिडी?

त्यानंतर ते जे वागले त्याला शहाणपण म्हणता येणार नाही. खात्याची शिक्क्याची मोजपट्टी घेऊन ते झोपलेल्या टिल्लूचा कान मोजत असताना बायको आत आली.

"काय चाललंय?"

"टोपी घ्यायचीय त्याला."

"एवढ्या उकाड्यात?"

मग बोलल्या शब्दाला जागायचं म्हणून दुसऱ्या दिवशी लोकरीची टोपी आणावी लागली. ती टिल्लूच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत आली. दुकानदार परत घेईना, कारण याच साहेबांनी मागे त्याचा कापड मोजायचा गज जप्त केला होता.

पण टोपीनं फार दिवस निभणार नव्हतं. सिस्टरनी बायकोला नळावर गाठलं आणि पाळण्यांचा प्रश्न थेट तिलाच विचारला. बायको वर आली ती कळशी न भरताच.

"माझा मुलगा तुमचा वाटत नाही म्हणे?"

"मी नाही गं, बाई म्हणाल्या."

"मग कुणाचा वाटतो?"

"तेवढं नाही सांगितलं त्यांनी. घंटा झाली."

"लाज नाही वाटत जिन्यावर बसून असलं बोलायला! त्या वकिलापुढे! जा, उद्या शाळेत जा, त्या बाईला समोरासमोर विचारा, नि काय ते ठरवून या. तोवर माझ्याशी बोलायचं काम नाही." आणि ती खरोखरच बोलायची थांबली. चहाचा कप मात्र टेबलावर यायचा, पण असा आपटत की अर्धा बशीत.

साहेबांना आता शाळेत गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण शाळेत शिरायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पालकांना वर्गात बसायचं असेल तर 'बालनिरीक्षण अर्ज' भरावा लागतो, असं खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं. साहेबांना बरंच वाटलं. जन्मभर निरीक्षण केलेला माणूस. त्यांनी कारणाच्या रकान्यात टेचात लिहिलं, 'साम्य तपासणे.'

"साम्य चालणार नाही," कारकून म्हणाला. "इथे फक्त सामाजिक, भावनिक, बौद्धिक आणि शारीरिक विकास बघता येतो. यातलं काय ते सांगा."

"शारीरिक."

"शारीरिकला आधी डॉक्टरचा दाखला लागतो, तुम्हाला खोकला नाही म्हणून."

साहेब खोकला नसल्याचा दाखला घ्यायला दवाखान्यात गेले, तिथे खोकणाऱ्यांच्या रांगेत बसले, आणि दाखला घेऊन खोकत परत आले. कारकुनानं तो नीट लावून घेतला नि म्हणाला, "आता मुलाशी नातं."

"वडील."

"पुरावा?"

असल्या वेळी माणसानं काय करावं? साहेब इतक्या जोरात ओरडले की शिपाईमावशींनी घाईनं घंटा वाजवली आणि दोन वर्ग सुटले. कारकून मात्र थंड. त्यानं टिल्लूचा फोटो खिडकीत धरला, मग साहेबांच्या तोंडाशेजारी धरला. "रागावू नका साहेब, पण फोटोवरून वाटत नाही हो."

शेवटी मोठ्या बाईंनी मध्ये पडून परवानगी दिली, आणि नियमही सांगितले. "तुम्ही कोपऱ्यात बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, मुलानं चौकोनी ठोकळा गोल भोकात ठोसला तरी मध्ये पडायचं नाही. मूल दुसऱ्यांबरोबर कसं वागतं, काय मागतं, काय देतं, एवढंच बघायचं. तुम्ही वर्गात नाहीच असं समजा. निरीक्षक म्हणजे भिंत."

वर्गाच्या दारात बाई भेटल्या. त्यांचा चेहरा खुलला. "आलात! किती पालक येतात हो असे? बरं मला सांगा, घरी वाटतो का तो?"

साहेब कळवळून म्हणाले, "घरी? घरी अगदी वाटतो हो!"

"काय सांगता! सगळ्यांना?"

"सगळ्यांना! पाहुण्यांना वाटतो, दूधवाल्याला वाटतो. माझाच वाटतो!"

"छे छे," बाई म्हणाल्या, "तुमचा वाटून काय उपयोग? स्वतःचा वाटायला पाहिजे."

"स्वतःचा?" साहेब गोंधळले. "स्वतःचा तर जो तो वाटतोच की."

"कुठे वाटतो? पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. या वयात कुणीच वाटत नाही. हळूहळू वाटायला लागतात. मोठ्यांचं बघूनच होतं ते. घरी तुम्ही वाटायला लागलात, की तोही वाटायला लागेल."

"मी?" साहेबांनी छातीला हात लावला. "मी कुणाचा वाटू?"

"दुसऱ्या कुणाचा कशाला? तुमचाच वाटा!"

"अहो, मी माझाच वाटतो!" साहेब रडकुंडीला आले. पण तेवढ्यात घंटा झाली.

कोपऱ्यात त्यांच्यासाठी पोरांचीच एक लाकडी खुर्ची ठेवलेली होती, दोन्ही बाजूंना हात असलेली. साहेब तिच्यात बसले, म्हणजे बसवले गेले. गुडघे हनुवटीपाशी आले. टिल्लूनं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान वळवली. वडील भिंत झाल्याचं त्यालाही सांगितलेलं असावं. तो सगळे लाल ठोकळे मांडीखाली घेऊन बसला होता आणि कुणी जवळ आलं की हाताचं कुंपण घालत होता. साहेब त्याचे कानच बघत होते, त्यामुळे ठोकळे त्यांना दिसले नाहीत.

थोडा वेळ भिंत चांगली उभी राहिली. नाक ओघळलेलं एक पोर येऊन भिंतीच्या पँटला नाक पुसून गेलं, तरी भिंत बोलली नाही. एकीनं भिंतीच्या बुटाच्या नाड्या सोडून नेल्या, तरीही नाही. पण समोरच दुकान-दुकानाचा खेळ मांडला होता. दोन वेण्यांची एक मुलगी खेळण्यातल्या तराजूवर चिंचोके विकत होती, आणि गिऱ्हाइकाचं लक्ष नाही असं बघून पारड्यावर हळूच अंगठा टेकवत होती. साहेबांनी डोळे मिटून घेतले. उघडले. अंगठा तिथेच. पुढचं गिऱ्हाईक आलं, पुन्हा अंगठा! सगळं सहन होईल, पण हे? अहो, ज्या माणसानं बाजारपेठेतले भले भले अंगठे पकडले त्याच्या डोळ्यांदेखत?

"काट्याला हात लावायचा नाही!" साहेब गरजले आणि ताडकन उभे राहिले. त्यांच्याबरोबर खुर्चीही उभी राहिली.

सगळा वर्ग वळून बघायला लागला. मग एकदम आरोळी उठली, "खुर्चीकाका!" आणि सगळी पोरं त्यांच्यावर तुटून पडली. एक खुर्चीच्या पायाला लोंबकळलं. दुसरं पाठीवरून चढायला लागलं. दोन वेण्यांच्या मुलीला पकडलं गेल्याची लाज सोडाच, तिनं उलट साहेबांचा टाय धरला आणि फर्मान काढलं, "हे माझ्या दुकानात पाहिजेत. सामान ठेवायला." तिकडून कुणी ओरडलं, "आमच्या गाडीत पाहिजेत!" साहेब खुर्चीसकट गरागरा फिरत होते आणि "मी भिंत आहे, मी भिंत आहे" असं काहीतरी पुटपुटत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून टिल्लू उठला. जन्मात पहिल्यांदा त्यानं सगळे लाल ठोकळे टाकून दिले. तो पोरांच्या घोळक्यात घुसला, दोन्ही हातांनी बापाच्या पायाला मिठी मारली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "माझे बाबा आहेत! माझे! मी कुण्णाला देणार नाही! अर्धेसुद्धा देणार नाही!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "बघितलंत ना? स्वतःच्या डोळ्यांनी बघा! खडू देत नाही, खाऊ देत नाही, ठोकळे देत नाही, आणि आता बाबासुद्धा देत नाही! हेच तर मी त्या दिवशी सांगत होते. हा मुलगा कुणाला काही म्हणजे काहीही वाटून देत नाही!"

साहेब फिरायचे थांबले. वाटून. वाटून देत नाही! खडू वाटत नाही, खाऊ वाटत नाही. शाळेत असताना व्याकरणात कर्म शोधायला सांगत, तेव्हा साहेबांना ते कधीच सापडलं नव्हतं. बाईंनी त्या दिवशी वाक्यातलं कर्म गाळलं आणि साहेबांच्या कर्मात लोकरीची टोपी, खोकला आणि ही खुर्ची आली. आज मात्र कर्म शोधायला लांब जावं लागलं नाही. कर्म म्हणून ते स्वतःच तिथे खुर्चीत अडकून उभे होते, आणि ते वाटून द्यायला त्यांचा मुलगा साफ नाही म्हणत होता.

साहेब हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाई घाबरल्या. "अहो, ही हसण्यासारखी गोष्ट नाही. मुलाचा सामाजिक विकास..."

"बाई," साहेब टिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "त्याचा विकास बघू हो सावकाश. आधी माझा होऊ दे."

मोठ्या बाईंनी साहेबांना निरीक्षणातून तिथल्या तिथे बडतर्फ केलं. भिंतीनं आरडाओरडा केल्याची शाळेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती. खुर्ची काही निघेना. तशीच घालून घरी जातो म्हटलं, तर कारकून म्हणाला की शाळेची वस्तू बाहेर न्यायला वेगळा अर्ज लागतो. शेवटी शिपाईमावशींनी साबणाचं पाणी आणलं, एका बाजूनं खुर्ची ओढली, दुसऱ्या बाजूनं टिल्लूनं बाबा ओढले, आणि दोन्ही आपापल्या मालकांकडे गेले. निघताना बाईंनी बजावून सांगितलं, "मुलासमोर रोज एक तरी वस्तू दुसऱ्याला द्या. बघून बघून शिकेल."

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे, आणि मग ती भिंतीला टेकून हसत सुटली. पण मोजपट्टीची आठवण होताच थांबली. "हसले म्हणून माफ केलं असं समजू नका. ज्या जिन्यावर बसून बोललात, त्याच जिन्यावर जाऊन निस्तरून या. नि बाईंनी सांगितलंय ते आजच सुरू करा. द्या ती शिडी."

"शिडी?" साहेबांचा आवाज चिरकला. "मधलं पान दिलं तर नाही चालणार?"

"शिडी."

वकिलांना बोलावणं गेलं. साहेबांनी साखळी काढली, कुलूप खिशात घातलं आणि टिल्लूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाळा, बघ हं. आपली वस्तू दुसऱ्याला द्यायची असते. घ्या वकीलसाहेब."

वकिलांनी शिडी ओढली. शिडी हलली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. खालच्या पायरीला टिल्लू दोन्ही हातांनी लोंबकळत होता, भुवया जोडलेल्या, खालचा ओठ पुढे. "बाबांची आहे. देणार नाही." आणि वरच्या पायरीवर, तोंडानं 'घ्या, घ्या' म्हणत, साहेबांची पकड तशीच घट्ट होती. त्यांच्याही भुवया जोडलेल्या, खालचा ओठ पुढे.

वकिलांनी शिडी सोडली. एकदा खाली बघितलं, एकदा वर बघितलं. पुन्हा खाली.

"साहेब," ते म्हणाले, "कानांचं मी बोललो ते मागे घेतो. मुलगा तुमचाच वाटतो हो. अगदी तुमचाच!"

साहेबांचे दोन्ही हात आपोआप सुटले. टिल्लूला त्यांनी शिडीवरून उचललं, खांद्यावर घेतलं, आणि खिशातलं कुलूपसुद्धा किल्लीसकट वकिलांच्या हातात ठेवलं. तळमजल्यावरचा दिवा त्याच दिवशी लागला. शिडी अजून परत आलेली नाही, आणि साहेबांनी ती मागितलेलीही नाही.